थोरवत सरांचा तोल

“सर, तुम्ही घेता का?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा थोरवत सरांना ऐकूच गेलं नाही. ते फळ्याकडे तोंड करून भारताचा नकाशा काढत होते आणि मी त्यांच्या डाव्या हाताला, पहिल्या बाकापाशी उभी. मागून मुबीनाने माझी वेणी ओढली.

“हळू विचारलंस. हळू विचारलेलं धरणार नाही हं तेजल. पैज म्हणजे पैज.”

पैज दोन वडापावची होती, पण वडापावचं मला काही नव्हतं. त्या जुलैत मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्याआधी, नववीत येईपर्यंत, मी वर्गात ‘हजर’ सोडून दुसरा शब्द बोलले नसेन. ढाल हातात आली आणि तोंड असं उघडलं की मिटेना. सगळ्यांना कळलं होतं की कुणाला काही विचारायचं असेल, तर ही तेजल खराडे विचारते, घाबरत नाही. म्हणून मी घसा खाकरला आणि माईकसमोर बोलावं तशा आवाजात, शब्द सुटे करून विचारलं, “सर! तुम्ही! घेता का?”

सर वळले. वळताना त्यांचा तोल डावीकडे गेला आणि त्यांनी टेबलाची कड धरली. वर्गात खसखस पिकली. त्यांचा डावा डोळा लाल होता, बरेच दिवस लालच असायचा.

“काय घेतो गं?”

“ते हो सर. आडवी करायची असते ती.”

वर्ग बाकांवर कोसळला. सरही हसले. त्यांचं हसणं एकीकडे जरा जास्त आणि एकीकडे जरा कमी होतं, पण त्या वेळी मला ते दारुड्याचं हसणं वाटलं.

“चहा घेतो बाळ. दोन वेळा. साखर कमी.”

‘साखर’ मात्र जिभेवरून जड होऊन आली, ‘शाखर’सारखी. तेवढं पुरलं. पलीकडच्या वर्गाची भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. मधल्या सुट्टीत सगळ्या हायस्कूलला कळलं, संध्याकाळी सगळ्या गावाला.

आमच्या खडकवस्तीत ‘आडवी’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनी मतदान करून दौलतचं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकानाला टाळं. त्या बायकांना घराघरातून बाहेर काढणारी माझी आई, कल्पना खराडे. दारूबंदी समितीची अध्यक्ष. आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा आईच्या सत्काराचे फोटो जास्त आहेत.

सरांवर संशय मी एकटीने घेतला नव्हता, हे सांगायला हवं. थोरवत सर भूगोल शिकवायचे आणि त्यांचा नकाशा बघायला दहावीची मुलंसुद्धा दारात उभी राहायची. कच्छला खडू टेकवला की कन्याकुमारीला वळसा घालून बंगालपर्यंत एका दमात, हात न उचलता. त्या वर्षी कोकणाचा किनारा करवतीच्या दात्यांसारखा येऊ लागला. सर पुसायचे, परत काढायचे, परत तसाच. सकाळी शाळेच्या मागे उलटी करताना त्यांना शिपायाने पाहिलं होतं. लाल डोळा, झोकांड्या, जड जीभ, सकाळची उलटी. आमच्या गावात हा हिशेब बालवाडीतलं पोरसुद्धा जुळवतं.

घरी गेले तेव्हा आई चुलीपाशी नव्हती, दारातच उभी होती.

“तू विचारलंस? भर वर्गात?”

आता कानाखाली बसणार, म्हणून मी मान खाली घातली.

“शाब्बास,” आई म्हणाली. “गावातल्या बाप्यांना जे जमलं नाही ते माझ्या पोरीनं केलं.”

पप्पा दूध डेअरीत फॅट काढायचं काम करतात. ते हातपाय धूत होते. म्हणाले, “अगं पण थोरवत मास्तर माळकरी घरातला माणूस. वास आलाय का कुणाला?”

“हल्ली वास न येणारी मिळते,” आई म्हणाली. “तुम्ही गप्प बसा.”

पप्पा गप्प बसले. पप्पांना ते फार छान जमतं.

आठच दिवसांत सरांना भैरोबाच्या देवळात बोलावलं. समितीची रीत ठरलेली होती. जो पिताना किंवा प्यालेला सापडेल त्याने देवासमोर बेलभंडारा उचलायचा, म्हणजे बेलाचं पान आणि हळद तळहातावर घेऊन शपथ घ्यायची, की आजपासून सोडली. दंड नाही, मारहाण नाही. आईला ह्याचा अभिमान होता. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्यामुळेच तर हे सगळं उघडकीला आलं होतं.

सर खांबाला धरून उभे होते. “कल्पनाताई, सोडली म्हणायला आधी धरलेली असावी लागते.”

“सगळे हेच म्हणतात, सर.”

“मी खरंच म्हणतो.”

“तेही सगळे म्हणतात.”

बायका हसल्या. हेडमास्तरांनी सरांच्या जवळ जाऊन काहीतरी सांगितलं. संस्थेकडे तक्रार जाईल असं असावं. सरांची बायको रंजनाकाकू पदर तोंडात धरून रडत होती. ती एकदम म्हणाली, “उचला ना हो एकदाचा! तुमच्या अब्रूपायी माझी जायची पाळी आली.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. आईने हळद ठेवली, पान ठेवलं. सर म्हणाले, “आजपासून दारू पिणार नाही.” एका अर्थी ते खरंच बोलले. पण गावाने त्याचा दुसरा अर्थ घेतला, की हा कबूल झाला.

पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, सलामीसाठी सरांनी मान वर केली आणि ते झाडासारखे आडवे पडले. सगळ्या गावासमोर.

आता ते नुसते दारुडे राहिले नाहीत. भंडारा उचलून मोडलेला माणूस झाले. संस्थेने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. न्हाव्याने त्यांची दाढी करायचं टाळलं. मुबीना मला म्हणाली, “आपण नुसतं विचारलं होतं गं.” मी म्हणाले, “मग काय झालं? खोटं होतं का?”

दसऱ्याच्या आसपास आईने मला एक काम दिलं. बाजारात एक औषधवाला बसायचा. दारू सोडवायची पूड, पिणाऱ्याच्या नकळत द्यायची. चहात, आमटीत. “पोटात ढवळून निघतं,” आईने रंजनाकाकूला समजावलं. “ओकाऱ्या होतात. मग वासच नको होतो माणसाला. आपल्या तीन घरांत गुण आलाय.” काकू कशालाही तयार होती. दर शनिवारी मी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या सात पुड्या काकूच्या हातात देऊन यायचे. सर ओसरीवर बसलेले असायचे. “ये गं वक्तेबाई,” म्हणायचे. मी “काकूला निरोप आहे” म्हणत आत सटकायचे.

“होतायत का ओकाऱ्या?” मी विचारायचे, आईने विचारायला सांगितलेलं.

“रोज सकाळी,” काकू म्हणायची. तिच्या तोंडावर थोडं बरं वाटल्यासारखं दिसायचं. “लागू पडतंय बहुतेक.”

मी घरी येऊन तसंच सांगायचे. आई वहीत खूण करायची.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्यानंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा काकू रानात होती. सर एकटे मागच्या अंगणात दगडावर बसून तोंड धूत होते. मी दारातून पाहत होते. त्यांनी साबण लावला, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि बसल्या जागेवरून डावीकडे कलंडले. पाण्याची बादली त्यांच्या अंगावर पालथी झाली.

मी धावले. त्यांना उठवताना माझं नाक त्यांच्या तोंडाच्या अगदी जवळ होतं. राखुंडीचा वास आला. दुसरा कसलाच नाही.

“सर, हा करा.”

“काय?”

डावीकडून बोललेलं त्यांना ऐकू आलं नसावं, म्हणून मी उजवीकडे गेले. “हा करा सर. तोंडाने.”

त्यांनी केलं. मी पुन्हा वास घेतला. मग मला त्यांचा डावा डोळा दिसला. तोंडावर साबण होता, फेस थेट बुबुळावर आलेला, आणि तो डोळा मिटतच नव्हता. नुसता उघडा, लाल, पाणी गाळत होता.

“झोंबत नाही सर?”

“झोंबतं. पण मिटत नाही तो. आधी अर्धा तरी मिटायचा, आता दोन महिने तेवढाही नाही.” त्यांनी बोटाने पापणी खाली ओढून धरली. “डोळे झाकले की पाय कुठायत तेच कळत नाही मला. अंधारात भिंत धरून जातो. ह्या डाव्या कानात दिवसरात्र पिठाची गिरणी चालू असते. दुसरं काही येत नाही.”

“कधीपासून?”

“तू विचारलंस ना वर्गात? त्याच्या आधी दोन-तीन महिने.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“कुणाला सांगू?” ते म्हणाले, रागाने नाही. “मी तोंड उघडलं की माणसं नाक पुढे आणतात. तूसुद्धा आत्ता तेच केलंस.”

पुड्या माझ्या मुठीत होत्या. घामाने कागदाची शाई हाताला लागली होती. मी त्या तशाच परत आणल्या. घरी नाही, सरळ डेअरीत, पप्पांकडे.

पप्पांनी सगळं ऐकलं. ऐकताना त्यांनी एकाही कॅनचं माप चुकवलं नाही. शेवटी म्हणाले, “आईला सांगितलंस?”

“नाही.”

“बरं केलंस.” त्यांनी हात पुसले. “गुरुवारी दूध पोचवून टेंपो रिकामा परत येतो. त्यात नेऊ मास्तरांना शहरात. तू शाळा बुडव. वहिनींना नीट सांगता यायचं नाही, तुला येईल.”

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात केळुसकर म्हणून बाई डॉक्टर होत्या, मेंदूच्या. त्यांनी सरांना एका रेघेवरून चालायला लावलं, डोळे झाकून उभं केलं आणि पडायच्या आत स्वतः धरलं. नाकावर बोट, मग माझ्या बोटावर बोट, परत नाकावर. सरांचं बोट माझ्या बोटाच्या वीतभर बाजूने गेलं. एका झटक्यात कच्छ ते कन्याकुमारी काढणारं बोट. मग यंत्रात घालून फोटो काढले. दुपारी तीनला आम्ही सगळे त्यांच्या खोलीत होतो, सर, काकू, पप्पा आणि मी.

फोटोत सरांच्या कानामागे एक पांढरा गोळा होता. लिंबाएवढा, आणि शेजारचं सगळं त्याने एका बाजूला रेटलेलं.

“गाठ आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “कॅन्सर नाही. साधी, हळू वाढणारी. पण जागा वाईट. कानाच्या नसेवर सुरू झाली. मग चेहऱ्याच्या नसेवर दाब आला, मग ह्या लहान मेंदूवर. तोल इथून सांभाळला जातो. आता मेंदूतल्या पाण्याची वाटसुद्धा तुंबलीय. म्हणून डोकं दुखतं, सकाळी उलट्या होतात. उलट्या कधीपासून?”

काकूने माझ्याकडे पाहिलं.

“दसऱ्याच्या बऱ्याच आधी, जुलैपासून,” सर म्हणाले.

“अहो मग सहा महिने काय केलंत? उलट्यांना कुणी काही औषध दिलं?”

 पप्पा आपल्या चपलेकडे बघत होते. मला स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, पण तिथे बोलताना मला प्रत्येक शब्दाला दम लागत होता.

“पूड द्यायचो आम्ही. दारू सोडवायची. मी नेऊन द्यायचे. त्याने ओकारी होते असं आम्हाला... आम्हाला वाटायचं लागू पडतंय.”

सरांनी उजवा कान माझ्याकडे केला. “कुणाला द्यायचात?”

“तुम्हाला सर.”

“कशात?”

“चहात,” काकू म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

सरांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्हणून कडू लागायचा होय. मला वाटलं, जीभही गेली.”

डॉक्टरांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पुडीने गाठ वाढली नाही,” त्या म्हणाल्या. “पण पुडी होती म्हणून कुणी गाठ शोधली नाही. नीट ऐका सगळे. मेंदूत तंतू असतात, केसाहून कितीतरी बारीक, लाखोंनी. निरोप नेणारे. त्यांच्यावर दाब आला की ते आधी नुसते गप्प होतात. अशा वेळी गाठ काढली तर जागे होतात, चालू पडतात. दाब तसाच राहिला तर त्यांच्यावरचं वेष्टण विरतं, आणि मग तंतू स्वतःच आतून झिजत जातो. मेंदूतला झिजलेला तंतू परत उगवत नाही. हाताला जखम झाली की कातडी येते, तसं तिथे नाही होत.” त्यांनी फोटोवर पेनाचं टोक फिरवलं. “हा भाग बघा. इथले झिजलेत. ते गेले. कान गेला. हा भाग मात्र अजून दबलेला आहे, मेलेला नाही. तो वाचवायचा तर आज दाखल व्हा. आत्ता.”

“ऑगस्टात आलो असतो तर?” पप्पांनी विचारलं. पप्पांनी का विचारलं मला अजून कळत नाही.

“तेव्हा गाठ लहान होती. तोल बहुतेक पूर्ण परत आला असता.” त्या थांबल्या. “आता माहीत नाही. बोलणं, गिळणं ह्यांच्या नसाही तिथेच आहेत. ऑपरेशन मोठं आहे. आठ-दहा तास. जिवाचा धोका आहे, तो मी लपवणार नाही.”

“सोमवारी आलो तर चालेल?” सर म्हणाले.

“तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले? रोज तंतू जातायत.”

“ऐकलं. ह्या कानाने सगळं ऐकलं. चार दिवसांनी सोमवारी सकाळी येतो. रविवारी सव्वीस जानेवारी आहे, गावात देवळापुढे ग्रामसभा असते.”

“ग्रामसभा?” डॉक्टरांचा आवाज चढला. “तुम्हाला मेंदू मोठा की ग्रामसभा?”

 डॉक्टरांनी सूज उतरायच्या गोळ्या लिहून दिल्या, कागदावर सरांची सही घेतली की सांगूनही थांबले नाहीत, आणि पप्पांना बाजूला घेऊन बजावलं, जरा गुंगी वाटली, झोपेतून उठेनासे झाले, तर त्याच मिनिटाला घेऊन या.

परत येताना टेंपोत पुढे पप्पा आणि काकू, मागे रिकाम्या कॅनमध्ये सर आणि मी. कॅन एकमेकांवर आपटत होते. मी मुद्दाम त्यांच्या उजवीकडे बसले होते.

“सर, आजच राहिला असतात तर...”

“तेजल, डॉक्टरबाई खरं बोलल्या. मी परत येईन न येईन. आलो तर बोलेन न बोलेन.” ते कॅनला धरून बसले होते. “मी गेलो तर गाव काय म्हणेल? दारूने मेंदू सडला म्हणेल. माझा पोरगा पुण्यात शिकतो, त्याला आयुष्यभर ते ऐकायला लागेल. रंजीला ऐकायला लागेल. शुद्धीवर आहे तोवर मला एकदा ऐकायचंय. भंडारा दिला त्याच गावात, त्याच माणसांच्या तोंडून, की थोरवत पीत नव्हता. एवढंच. माफी नको, सत्कार नको.”

“मी सांगते आईला.”

“कल्पनाताईंना अवघड आहे गं,” ते म्हणाले. त्यांनी तिची बाजू घेतली, ह्याने मला जास्त रडू आलं.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. हॉस्पिटलची फाइल तिच्यासमोर ठेवली. आई आधी पांढरी पडली. देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली, बराच वेळ. मला वाटलं, झालं, आता ही उठेल आणि सरांच्या घरी जाईल. ती उठली आणि वही काढून तिने पुड्यांचं पान फाडलं. त्याचे इतके बारीक तुकडे केले की वाचता येऊ नयेत.

शुक्रवार गेला. आई सरांच्या घरी गेली नाही. शनिवारी दुपारपर्यंत तिने दोनदा तुळशीला पाणी घातलं. सरांकडून निरोप आला, उलटीबरोबर आता उचकीही लागते, थांबत नाही.

संध्याकाळी आईने पप्पांना आणि मला समोर बसवलं.

“उद्या काही बोलायचं नाही,” ती म्हणाली. “सरांचं ऑपरेशन होऊ दे. बरे होऊन आले की मी स्वतः त्यांचा सत्कार करीन. देवळात नेऊन पाय धरीन.”

“आणि आले नाहीत तर?”

“अभद्र बोलू नकोस.”

“डॉक्टर बोलल्यात. मी नाही.”

“तेजू, ऐक.” आईने माझा हात धरला.  “दौलत सह्या गोळा करतोय. त्याला दुकान परत उघडायचंय, पुन्हा मतदान मागतोय. उद्या ग्रामसभेत तो तेच मांडणार. आणि त्याच सभेत मी उभी राहून सांगू, की समितीनं न पिणाऱ्या माणसाला भंडारा दिला? त्याला चोरून पुड्या चारल्या? दुसऱ्या दिवशी बाटली उभी होईल. तुला आठवत नसेल, तुझ्या मावशीला तिच्या नवऱ्यानं दारू पिऊन कशी मारलेली. मला आठवतंय. ती आपल्याच घरी मेली. ह्या गावातल्या किती बायकांच्या पाठी मी बघितल्यात. एका माणसाच्या नावासाठी त्या सगळ्यांना परत त्या खाईत ढकलू?”

  आई खोटं बोलत नव्हती. त्या मावशीला मी चार वर्षांची असताना पाहिलं होतं, तिच्या ओठावरची पट्टी मला आठवते.

“कल्पे,” पप्पा म्हणाले, “मास्तर उद्या येणार आहेत सभेला.”

“येतील, बसतील, जातील. कोण विचारतंय त्यांना.”

“कुणी नाही विचारत,” मी म्हणाले. “त्यांच्या शेजारची खुर्चीसुद्धा रिकामी असेल.”

“मग काय करू मी?” आई ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, सत्कारांच्या एवढ्या फोटोंत मी ते कधी पाहिलं नव्हतं. “मी मुद्दाम केलं का गं? चांगल्यासाठीच केलं ना? कुणाला माहीत होतं डोक्यात असं काही असतं? मलाच सगळ्या गावासमोर उघडी पाडणार तू? माझी पोरगी?”

बाहेर कुणीतरी सभेसाठी लाऊडस्पीकर तपासत होतं. हॅलो, हॅलो, एक दोन तीन. पप्पा उठले आणि त्यांनी दार लावलं. मी उभी राहिले. भाषणाला उभी राहते तशी नाही. भिंतीला पाठ टेकून.

“आई, तू चांगल्यासाठी केलंस. मीही चांगल्यासाठीच नेत होते. मी उद्या दोन्ही सांगणार आहे. मी वर्गात विचारलं, मी पुड्या नेल्या, काकूला दर शनिवारी विचारलं की ओकतात का. हे सगळं माझ्या तोंडाने. आणि बाटली आडवीच राहायला पाहिजे, तेही मीच सांगणार. दौलत हसला तर हसू दे. तुझं नाव मी घेणार नाही, ते तू घ्यायचं की नाही ते तुझं तू बघ. पण सर शुद्धीवर असताना कुणीतरी बोलायला हवं आणि सोमवारी उशीर होईल.”

“तेजू...”

“अजून एक. पप्पा, टेंपो नको. सरांना मी घरून सभेला, देवळापर्यंत चालत आणणार आहे, मोठ्या गल्लीने, सगळ्यांच्या दारावरून. ते झोकांड्या देतील. देऊ देत. डावीकडून मी धरीन त्यांना. उजवीकडून काकू धरेल म्हणालीय, पण तिला ते एकटीला झेपणार नाहीत. तू आलीस तर बरं होईल, आई. नाही आलीस तरी आम्ही नवाला निघतोय.”